बाजेएवढी वाट

माझ्या नवऱ्याला मुंबईच्या मैदानावर अनोळखी माणसं नावानं हाका मारत, आणि मी मात्र उखाणे सोडले तर जन्मात कधी त्यांचं नाव घेतलं नाही. आता म्हातारपणी लिहायला बसले म्हणून घेईन, असंही नाही. तेव्हा इथंही ते 'हे'च राहतील. वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

मी दासगावची. खाडीकाठच्या सपाट गावातली, सातवी फायनल झालेली. पन्नास साल उलटल्यावर दोन-तीन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मला पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीत नेऊन टाकलं. 'टाकलं' हाच शब्द तेव्हा माझ्या तोंडी असायचा. पोलादपूरहून वाडीवर चढायला तीन तास, उतरायला दोन. वाडीत बायका, म्हातारे आणि पोरं. धडधाकट गडी माणूस ही फक्त गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात दिसणारी वस्तू. एरवी सगळे मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. हेही त्यांतलेच. फक्त ह्यांची गिरणीतली नोकरी हातांच्या जोरावर नव्हती, पायांच्या जोरावर होती. हे गिरणीच्या संघातून फुटबॉल खेळत.

वाडीतल्या कुणीच फुटबॉल बघितलेला नव्हता. ह्यांनी एकदा एक जुना चेंडू आणला, तर सासूबाईंनी तो चामड्याचा म्हणून घरात घेऊ दिला नाही, गोठ्यात टांगला. माझ्या थोरल्या जाऊबाई फार थट्टेखोर. त्या म्हणायच्या, "आमच्या भावोजींना पायानं पगार मिळतो. आमी जलमभर पायच तुडवतोय, आमाला कोन देत नाय."

घरात आम्ही चौघी होतो. सासूबाई, जाऊबाई, मी आणि माझी नणंद. सासरे गेले तेव्हा नणंद रांगत होती आणि हे चौदा वर्षांचे होते. थोरल्या भावाच्या मागोमाग हेही त्याच वर्षी मुंबईला गेले. नणंदेला बाप आठवत नव्हता, तिचा बाप म्हणजे हेच. हे रजेवर आले की आधी तिचे केस विंचरून बघत, उवा झाल्यात का म्हणून. मी नवी नवरी दारात उभी, आणि हे बहिणीच्या डोक्यात. मला राग यायचा, तो मी लपवत नसे.

बाकीची रजा गावच्या मंडळाच्या कामात जायची. कधी झऱ्याचा गाळ काढ, कधी शाळेचं छप्पर शाकार. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची ह्यांना भारी हौस. "मंडळाला माणूस मिळाला आणि मला पाहुणा," असं मी एकदा चारचौघींत म्हणाले. ह्यांनी ते ऐकलं आणि हसून फावडं घेऊन गेले.

एकदा मी मुंबईला गेले होते, जाऊबाईंच्या भावाकडे आठवडाभर. तेव्हा ह्यांचा सामना बघितला. मला वाटलं होतं, चेंडू ह्यांच्या पायाशी आला की हे आता वाऱ्यासारखे पळत सुटणार आणि गोल मारणार. कसलं काय! चेंडू आला की हे मान वर करून इकडंतिकडं बघत आणि लगेच दुसऱ्याला देऊन टाकत. पुन्हा चेंडू आला, पुन्हा दिला. गोल मारला भलत्यानंच, लोकांनी खांद्यावर घेतला तोही भलत्यालाच. मी घामाघूम झाले होते. शेजारी गिरणीतले एक वयस्क कामगार बसले होते. त्यांना माझं तोंड दिसलं असावं. ते म्हणाले, "बाय, तो हाफबॅक हाय. त्याचं काम गोल मारायचं नाय. कोन मोकळा हाय ते बघायचं."

मला ते काही पटलं नाही. वाडीवर परतल्यावर सगळ्या बायका विचारायला आल्या तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, ह्यांनी दोन गोल मारले. शिमग्याला हे आले, तर पोरं त्या दोन गोलांची गोष्ट ऐकायला गोळा झाली. ह्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि पोरांना ते दोन्ही गोल अगदी रंगवून सांगितले.

आता नणंदेचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तिच्या लग्नानंतर वर्षभरानं ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पौष महिना होता. रात्रभर कळा दिल्या आणि सकाळी सुईण म्हणाली, "मूल आडवं हाय. हिला महाडला न्यावी लागंल." न्यायची म्हणजे डोलीतून. लांब बांबूला घोंगडी बांधायची, आत माणूस निजवायचं आणि गड्यांनी बांबू खांद्यावर घ्यायचा. चार खांदे, आणि बदलायला आणखी चार. वाडीत चार म्हातारे. मग पोरं पळवली शेजारच्या वाड्यांवर. गडी एकेक दोनदोन करून जमत होते. कुणी शेतावर, कुणी रानात. सासूबाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि वाटेकडं बघत होत्या. मी तिचे पाय धरले होते. दुपार कलली तेव्हा सात गडी झाले आणि डोली बांधायला घेतली. ती तशीच अंगणात राहिली. त्या डोलीतून नणंदेला कुठं न्यायची गरज उरली नाही.

तार पोचून हे तिसऱ्या दिवशी आले. ती गेली तो रविवार होता आणि त्या रविवारी ह्यांचा संघ जिंकला होता, हे मला फार नंतर दुसऱ्याकडून कळलं. हे रडले नाहीत. दहाव्याला सगळे नदीवरून आल्यावर मला परसात गाठून विचारलं, "त्या दिवशी वाडीत कोन कोन होतं?"

"कोण असणार? चार म्हातारे," मी म्हणाले.

"आनखी?"

"आणखी आम्ही बायकाच."

"किती?"

मी बोटं मोजली. एकोणीस. मग त्यांनी विचारलं की ह्यातल्या मोळी घेऊन पोलादपूरच्या बाजाराला उतरणाऱ्या किती. मी म्हणाले बारा. कुणाची मोळी जड असते, कोण न थांबता जाते, हेसुद्धा विचारलं. माझं डोकं फिरलं. बहिणीचा दहावा आणि हा माणूस बायकांची खानेसुमारी करतोय! मी तसं तोंडावर बोलले. हे उठून आईजवळ जाऊन बसले आणि तिचे पाय चेपू लागले.

दोन वर्षांनी खेळताना ह्यांच्या गुडघ्याची वाटी सरकली. गिरणीनं दारावरचं बसून करायचं काम देऊ केलं होतं. ते सोडून हे काठी टेकत वाडीवर आले ते कायमचे. आधीच घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी गत झाली. ज्याला नांगर धरता येत नाही, ओझं उचलता येत नाही, असा माणूस घरात बसून काय करणार, ह्याचा मला घोर लागला होता. मी दिवसातून दहा वेळा तो बोलूनही दाखवायची.

पण हे बसलेच नाहीत. ह्यांनी आमच्या निजायच्या बाजेची रुंदी मोजली, तेवढीच बांबूची एक काठी तोडली आणि ती हातात आडवी धरून वाटेनं चालायला लागले. काठी दरडीला अडली की तिथं खूण करायचे. दुसऱ्या दिवशी पहार घेऊन बसल्या बसल्या ती दरड कोरायचे. सगळी वाडी म्हणाली, मार गुडघ्याला लागला की डोक्याला? कुणी विचारलंच तर सांगायचे, "डोलीवाल्यांना वाट बरी पायजे." हे खोटं नव्हतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. चार ठिकाणी काय ती अडचण होती, बाकी वाट होतीच. पण हिवाळाभर ह्यांनी सबंध वाट वेचली, सुटे गोटे बाजूला केले, ओल्या उतारावर पाय ठरेल अशा पायऱ्या खोदल्या. निम्म्या वाटेवर कातळातली एक घळ आहे. तिथं दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत आणि ती फोडणं ह्यांच्या हातचं नव्हतं. तिथं हे तीन दिवस नुसते बघत बसले होते.

पुढच्या हिवाळ्यात, भाताची झोडणी झाल्यावर, ह्यांनी आमची बाज उचलून देवळापुढच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवायला लावली आणि बायकांना बोलावलं. म्हणाले, चुंबळ घेऊन या. चुंबळ म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गुंडाळी. तेव्हा कुठं मला त्या परसातल्या मोजणीचा उलगडा झाला. मी देवळाच्या पायरीवर बसले.

गोष्ट साधी नव्हती. डोली बांधतात ती तिरडीसारखीच, आणि बाईनं खांदा द्यायचा नसतो. द्यायचा नसतो म्हणजे तसा विचारही कुणाच्या मनात येत नसे. आम्ही बायका भाताची पोती, सागाच्या फांद्या, दगडी पाटे डोंगरावरून खाली-वर नेत होतो. पण जितं माणूस उचलायची वेळ आली की आम्ही दारात उभ्या राहून गड्यांची वाट बघायचो. ह्यात काही चुकतंय असं आम्हालाही कधी वाटलं नव्हतं, आणि हे सांगताना आज मला लाज वाटते.

भावकीतले सगळ्यांत वडील म्हातारे देवळापुढं येऊन बसले. म्हणाले, "बायांनी खांदा दिलेला तू कदी ऐकलास रे?"

हे त्यांच्या पायाशी खाली बसले, दुखरा पाय लांब करून. "नाय काका. खांदा कोन देतंय? ह्या हंडा नेतात, लाकडं नेतात, तशीच बाज डोक्यावरनं नेतील. बाज डोक्यावर न्यायला बंदी हाय का?"

म्हाताऱ्यांच्याही दोन सुना बाळंतपणात गेल्या होत्या. शेवटी म्हणाले, "बाजंला बंदी नाय. पन मानूस जितं पायजे." हे म्हणाले, जित्यासाठीच आहे.

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आत गेल्या. त्यानंतर आमचा सराव चाले तेव्हा त्या घराबाहेर येत नसत. ह्यांनीही त्यांना कधी बोलावलं नाही, आणि बहिणीचं नाव त्या दोन हिवाळ्यांत एकदाही तोंडातून काढलं नाही. आई ऐकण्याच्या अंतरावर असली की हे सरावाचं बोलणंसुद्धा थांबवत.

सरावाला सुरुवातीला नव्याची नवलाई होती, मग कंटाळा, मग भांडणं. बाजेच्या चार पायांशी चौघी, प्रत्येकीच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बाजेचा कोपरा. उतरताना उंच बायका पुढं, बुटक्या मागं, म्हणजे बाज सपाट राहते. मी उंच म्हणून पुढचा उजवा कोपरा माझा. बदलायचं ते चालता चालता. नवी बाई शेजारून चालत यायची, आपलं डोकं खाली सरकवायची, भार आला की "आले" म्हणायची, आणि मगच जुनीनं सुटायचं. "आले" ऐकल्याशिवाय मान काढायची नाही, मग पाय मोडला तरी. ह्या एका गोष्टीवर हे कधी हसत नसत.

ह्यांनी बाजेवर काठोकाठ भरलेला हंडा ठेवला होता. देवळापासून पहिल्या वळणापर्यंत जायचं आणि हंड्यात पाणी किती उरलं ते बघायचं. पहिल्या दिवशी आम्ही चौघी न्हाऊन निघालो आणि हंडा निम्मा झाला. हे दगडावर बसून काठीनं दाखवायचे, हिनं पाऊल लांब टाकलं, तिनं मान आखडली. "उंटावरून शेळ्या हाका तुम्ही," मी म्हणायची. पण ह्यांचं बघणं काही वेगळंच होतं. बारा बायका चालताना कुणाचा कुठला पाय थकलाय हे तिच्याआधी ह्यांना कळायचं. थकली की आधीच दुसरीला खुणावायचे. ह्या माणसानं मैदानावर काय केलं असेल ते मला तेव्हा थोडं थोडं समजायला लागलं, आणि ते दोन गोल ह्यांच्या नावावर चढवल्याचं मनातून वाईट वाटलं.

महिन्यानं हंड्यातलं पाणी हलायचं, पण सांडत नव्हतं. मग हंड्याऐवजी माणूस निजवायची वेळ आली. जाऊबाई आपणहून पुढं झाल्या. "मी निजते. सबंद दिसात तेवढंच माजं निजनं." आणि खरंच, वळणापर्यंत नेईतो त्यांना झोप लागली होती.

कातळाच्या घळीचं कोडं ह्यांनी असं सोडवलं. तिथं बाज घेऊन चालायचंच नाही. आधी सहाजणींनी पुढं जाऊन घळीत एकीखाली एक उभं राहायचं, पाठ कातळाला टेकून. बाज हातांहातांतून खाली जाईल. बायका जागच्या जागी, चालते ती बाज.

त्यानंतरच्या मे महिन्यात थोरले दीर आले नि गेले, आणि माघात जाऊबाईंचे दिवस भरले. त्यांचं हे चौथं बाळंतपण. आधीची तिन्ही घरातच सुखानं झाली होती, म्हणून कुणाला काळजी नव्हती. पण पहाटेपासून कळा देऊन उजाडल्यावर सुईण बाहेर आली ती हात पुसतच. म्हणाली, "मुलाचा हात आलाय बाहेर." आमच्या घराला पुढचं सांगायला नको होतं.

सासूबाई उठल्या आणि ओरडल्या, "गडी आना रे. पोरं धाडा." दोन पोरं पळायला निघालीसुद्धा. ह्यांनी त्यांना अडवलं नाही, आईलाही काही म्हणाले नाहीत. अंगणात काठीवर रेलून उभे होते, तिथून फक्त माझ्याकडं बघितलं. आजवर माझ्याकडं कुणी तसं बघितलं नव्हतं. मी आत गेले, दोरीवरचं जुनं लुगडं ओढून चुंबळ वळली आणि बाज बाहेर काढली. बाकीच्यांना हाक मारावी लागली नाही. नऊजणी आल्या, दोघी रानात गेल्या होत्या. जाऊबाईंना बाजेवर निजवलं, खाली भाताचा पेंढा, वर घोंगडी. ह्यांनी एकदा आमच्या उंच्या बघितल्या, मागच्या दोघींची अदलाबदल केली आणि म्हणाले, "मी मागनं येतो. तुमी थांबू नका." एवढंच. वर्षभर शिकवलं, आणि त्या वेळी एक शब्द जास्त बोलले नाहीत.

आम्ही उचललं. सासूबाई आडव्या येतील अशी मला धास्ती होती. त्या आल्या, पण बाजेच्या शेजारी, आणि सुनेचा लोंबणारा हात धरून चालायला लागल्या.

ते उतरणं मी कसं सांगू? भार जाणवत नव्हता असं म्हणणार नाही. मानेत खिळे ठोकल्यासारखं होत होतं. पण वाट पायाखाली जशी हवी तशी येत होती. पाय ठरायला पाहिजे तिथं पायरी होती, गोटा नव्हता, दरड अंगाला लागत नव्हती. त्या माणसानं एका गुडघ्यावर बसून ती प्रत्येक पायरी खोदली होती, आणि आज आम्हाला त्याची गरज लागेल तिथं तो आधीच येऊन गेला होता. मला तेव्हा ह्यांची भीतीच वाटली, गाभाऱ्यापुढं उभं राहिल्यावर वाटते तशी. फक्त "आले" आणि पावलांचा आवाज. कळ ओसरली की जाऊबाई वरून विचारायच्या, "पानी सांडलं का गो?" आणि पुन्हा कळ आली की ओठ चावायच्या.

घळीत चौथ्या नंबरला उभ्या असलेल्या बाईच्या पायाखालचा दगड निसटला. तिचा घोटा कातळात सोलवटला, रक्त आलं. बाज तिच्या हातांवर होती. तिनं डोळे मिटले आणि खालच्या बाईचं "आले" ऐकू येईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मगच खाली बसली. सासूबाई तिच्याकडं बघत होत्या. त्यांनी आपल्या पदराची पट्टी फाडून तिचा पाय बांधला आणि पुन्हा धावत बाजेला गाठलं.

सूर्य डोक्यावर यायच्या आत आम्ही पोलादपुरात होतो. कोळसा भरायला आलेला एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर बायकांचा तो जथा बघून खाली उतरला. त्यानं विचारलं, गडी माणसं मागं राहिली काय? जाऊबाईंनी घोंगडीतून तोंड काढून सांगितलं, "नाय, मुंबईला." बाजेसकट त्याच ट्रकातून महाडला गेलो. दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच ऑपरेशन म्हणाले. सही द्यायला घरचा पुरुष हवा होता. पुरुष कुठला? मी सही केली. सातवी फायनल तेवढ्यापुरती कामाला आली.

दोन्ही जीव वाचले. मुलगी झाली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आणखी तासाभरानं आणली असती तर मी काही करू शकलो नसतो.

हे दुपार उलटल्यावर एस्टीनं आले. सबंध डोंगर काठीवर उतरून गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. दवाखान्याच्या ओसरीवर आम्ही दहाजणी भिंतीला टेकून बसलो होतो. ह्यांनी लांबूनच माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांना कळलं. पायरीवर बसले, पाय लांब केला, एकेकीची विचारपूस केली. घोटा सोललेल्या बाईचा पाय हातात घेऊन बघितला. मग म्हणाले, "कुनी काय खाल्लंय का नाय?"

सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. तिथूनच कुणाकडं न बघता बोलल्या.

"माज्या पोरीला मी दुपारपातूर मांडीवर घिऊन बसले. गड्यांची वाट बगत." मग म्हणाल्या, "ह्या समद्या तवा पन घरातच हुत्या रे. मी पन हुते."

दहाव्याच्या दिवशी परसात मी बोटं मोजली तेव्हापासून हे ह्यांना माहीत होतं. एवढी वर्षं ते ह्यांनी एकट्यानं वागवलं होतं आणि आईच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं. आता आई आपल्या पायांनी तिथं येऊन पोचली होती.

हे पायरीवरून उठले, काठी न घेता, भिंत धरत आईजवळ गेले आणि तिच्यापुढं बसले.

"तवा वाट नव्हती, आये," हे म्हणाले. "बाज गेलीच नसती. मी काठी घिऊन मोजली ना समदी. तवा वाटच नव्हती."

सासूबाईंनी ह्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. त्या वाटेनं मी लग्नापासून मोळ्या उतरवत होते. एक ती घळ सोडली तर समोरून दुसरी ओझंवाली आली तरी आम्ही न थांबता एकमेकींना वाट देऊन पुढं जात असू.

"नव्हती, आई," मी म्हणाले. "फार अरुंद होती."